मुरबाडचा भगीरथ आणि भिमाचा पाय

भगीरथ मेकॅनिकबद्दल मुरबाडात कोणालाही विचारा, तो आधी हात जोडेल आणि मग बोलेल. मी हात जोडत नाही. रस्त्याच्या एका बाजूला त्याचं गॅरेज आणि समोर माझं स्पेअर पार्टचं दुकान, त्यामुळे रोज शटर वर केलं की पहिलं दर्शन त्याचंच व्हायचं. इतकी वर्षं पाहून माझं जे मत झालं ते सरळ सांगतो. हातात कसब, तोंडात विष, आणि चूक कबूल करायची वेळ आली की दगड. हे त्याच्या कानावर गेलं तर खुशाल जाऊ दे. त्याने मला तोंडावर याहून वाईट म्हटलेलं आहे.

तो मूळचा शेणव्याचा. शहापूरला आग्रा रोडवर ट्रकच्या एका गॅरेजात तो मार खात खात शिकला आणि नव्वद-एक्याण्णवच्या सुमारास मुरबाडला आला. इथे रेल्वे नाही. कल्याण गाठायचं तर एसटी, नाहीतर माणसं कोंबून जाणाऱ्या जीपा, आणि वरच्या अंगाला माळशेजचा घाट. गाड्या भरपूर, मोडायच्याही भरपूर. मेकॅनिक तेव्हा एकच होता आणि तो दुपारनंतर शुद्धीत नसायचा. भगीरथचं बस्तान बसायला वेळ लागला नाही.

कसब होतं, ते मी नाकारत नाही. बॉनेट न उघडता नुसता आवाज ऐकून म्हणायचा, "टॅपेट," आणि टॅपेटच निघायचे. भर पावसात घाटात जीप अडकली की मिळेल त्या ट्रकला लटकून जायचा, चिखलात आडवा पडायचा आणि गाडी चालू करूनच परतायचा. पण गिऱ्हाइकाचा उद्धार केल्याशिवाय त्याचा पाना फिरत नसे. गाडी बिघडली की आधी ड्रायव्हर नालायक, मग मालक चिकट, मग मी चोर, कारण पार्ट माझ्याकडचा. गाडीचा दोष सगळ्यात शेवटी. त्याचा स्वतःचा दोष तर रांगेतच उभा राहत नसे.

त्याची एक रीत होती आणि पुढचं सगळं रामायण तिथूनच झालं. इंजिनातल्या पाण्याच्या वाटेवर थर्मोस्टॅट नावाची एक झाकणी असते. इंजिन थंड असेतोवर ती बंद राहते, पाण्याला रेडिएटरकडे जाऊ देत नाही. पाणी हवं तेवढं तापलं की आपोआप उघडते. ही झाकणी घाटात अडकून एका जीपचं पाणी उकळलं आणि इंजिनचं हेड वाकलं. तेव्हापासून भगीरथने ठरवून टाकलं की झाकणीच नको. पहिल्यांदा गॅरेजात आलेल्या प्रत्येक गाडीचा थर्मोस्टॅट तो बाळाचं जावळ काढावं तसा काढायचा, मालकाला विचारायचासुद्धा नाही. काढलेले थर्मोस्टॅट तारेत ओवून भिंतीवर टांगलेले असायचे.

"मुरबाडची गाडी घाटात गरम व्हत नाय, ती कोनामुलं?" असं तो छाती पुढे काढून विचारायचा.

जुन्या डिझेल जीपांचं त्यामुळे फारसं काही बिघडलं नाही, हेही खरं. बिघडलं ते माझं. माझ्याकडे थर्मोस्टॅटचा एक खोका पडून होता आणि भगीरथ आल्यापासून त्यातला एकही खपला नव्हता. त्यात झुरळांनी संसार थाटला होता.

आता भिमाबद्दल. भिमा वैशाखऱ्याच्या वरच्या डोंगरातल्या वाडीचा. घरचं नागली-वरीचं शेत, हिरडे गोळा करायचे, असं सगळं बालपण. पण त्याला वेड गाडीचं. एका शेटची जीप त्याने बरीच वर्षं चालवली, आणि शेटने घरची जुनी कार विकायला काढली तेव्हा ती भिमाने घेतली. पेट्रोलची, इंजेक्शनवाली, म्हणजे आतला कंप्युटर पेट्रोल मोजून सोडणार, मागच्या काचेवर तशी इंग्रजी अक्षरं. हे साल दोन हजार पाच. वाडीतली ती पहिली कार. वाडीत त्याला नावाने कोणी हाक मारेनासं झालं. बाया, म्हातारे, सगळे "डायवर" म्हणायचे, आणि ते ऐकताना त्याची मान जरा ताठ व्हायची. खळ्यात पाय ठेवताना चपला काढतात तशा तो गाडीत बसताना काढायचा आणि अनवाणी चालवायचा.

त्याला कामही चांगलं मिळालं. वैशाखऱ्याच्या पुढच्या एका शाळेतल्या तीन बाई मुरबाडात राहायच्या. त्यांना रोज सकाळी न्यायचं, संध्याकाळी आणायचं. म्हणून भिमाने स्टँडमागे खोली घेतली आणि गाडी भगीरथच्या गॅरेजपुढे लावू लागला. शनिवारी तेवढा वाडीला जाऊन यायचा.

गाडी घेतल्यावर तो पहिल्यांदा आला तो भगीरथकडेच. पूर्वी घाटात शेटच्या जीपचा ॲक्सल तुटला होता तेव्हा भगीरथ भर पावसात धावून गेला होता. तेव्हापासून भिमाच्या लेखी देव दोनच, एक वाडीचा आणि एक गॅरेजातला. गाडीपुढे फोडायला भिमा नारळ आणायला गेला, आणि तो परत येईपर्यंत भगीरथने आपल्या रीतीप्रमाणे जावळ काढून ठेवलं होतं. हे मी माझ्या गल्ल्यावरून पाहिलं. तेव्हा मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण ते तो सगळ्यांचंच करायचा.

पावसाळा सरला, थंडी पडली आणि गाडी सकाळी सुरू होईना. चावी फिरवली की स्टार्टर कण्हायचा, पेट्रोलचा भपका यायचा, आणि इंजिन ढिम्म. कशीबशी सुरू झालीच तर बारीक चालायचं नावच नको. उभ्या गाडीचं इंजिन आपलं आपणच ओरडत राहायचं, मागून काळा धूर. तीन बाई कडेला उभ्या राहून घड्याळाकडे बघायच्या.

भगीरथने प्लग काढले. काळेकुट्ट आणि ओले. ते त्याने भिमाच्या नाकापुढे धरले.

"बघ. काजल. पेट्रोलानं आंघोल घालतोस गाडीला. जीपच्या ॲक्सिलेटरवर नाचलास जन्मभर, तोच पाय हिच्यावर ठेवतोस. ही इंजेक्शनची गाडी हाय, हिला हलका पाय लागतो."

"दादा, मी पाय ठेवतच नाय," भिमा म्हणाला. "नुसती चावी फिरवतो."

"म्हंजे मी खोटा?"

भगीरथला खोटं म्हणायची भिमाची छातीच नव्हती.

मग सुरू झाले प्रयोग. नवे प्लग माझ्याकडून नेले. दोन दिवसांत काळे पडले, तर माझे प्लग डुप्लिकेट. पेट्रोलचा पंप बदलला. इंजेक्टर धुतले. उभ्या गाडीचं इंजिन ओरडतं म्हणून एक स्क्रू पिळून ठेवला, तर गाडी भर बाजारात बंद पडायला लागली. मग तोच स्क्रू उलटा पिळला. प्रत्येक वेळी भिमाचा सगळ्यांदेखत पाणउतारा, आणि प्रत्येक वेळी शेवटी भगीरथ डॅशबोर्डवरच्या, पाण्याची गरमी दाखवणाऱ्या काट्याकडे बोट दाखवायचा. "काटा बघ, काटा. वैशाखऱ्याला जाऊन आला तरी तलाला निजलेला हाय. माज्या हातचं इंजिन हाय हे. इंजिन चांगलं, पाय वाईट."

उन्हाळा आला आणि गाडी आपोआप सुधारली. भगीरथ म्हणाला, "आता शिकलास." पुढच्या थंडीत पुन्हा तेच रडगाणं. भगीरथ म्हणाला, "विसरलास." माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. अरे, माणसाचा पाय मोसम बघून जड-हलका होतो होय? पण मी पार्ट विकणारा, गाड्या उघडणारा नव्हे. नेमकं काय चुकतंय ते मलाही कळत नव्हतं, आणि तोंड उघडलं की भगीरथ म्हणायचा, "तू नटबोल्ट मोज."

दुसऱ्या हिवाळ्यात भिमाच्या मनाने ते घेतलं. एकदा दुपारी पाहिलं तर इंजिन बंद, गाडी उभी, आणि हा आत बसून उजवा पाय हळूच टेकवतोय, उचलतोय, पुन्हा टेकवतोय. झोपलेल्या पोराला थोपटावं तसं. मला बघून ओशाळला.

"शेट, पाय जड म्हंजे नेमकं काय असतं?" त्याने विचारलं. "मला तर समजतच नाय."

मी म्हटलं, "तुझ्या पायाला काहीही झालेलं नाही. त्या माणसाच्या डोक्यात भुसा भरलाय." तो हसला. मला वाटलं पटलं. पटलं नव्हतं.

पौषात एका आठवड्यात दोनदा शाळा चुकली. तिघींतल्या मीना मॅडम मुख्याध्यापिका. बाई शांत, पण त्या दिवशी रस्त्यातच बोलल्या, "भिमा, पोरं वर्गाबाहेर बसून राहतात. आता एकदा जरी चुकलं तर आम्ही जीप ठरवणार." त्या गेल्या आणि भगीरथ गॅरेजातून बाहेर आला. स्टँडवरचे पाच-सहा ड्रायव्हर चहा पीत उभे होते. त्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला,

"माजं ऐक. धोंडीला बसव. गाडी तुजी ऱ्हाईल, पाय धोंडीचा. नायतर शाला गेली समज."

धोंडी म्हणजे भगीरथचा मेहुणा. कुठल्याही मालकाकडे महिनाभर न टिकलेला, बहिणीच्या घरी बसून खाणारा. भगीरथच्या घरात त्याच्यावरून रोज वाजायचं, हे सगळ्या आळीला माहीत होतं. भिमाने माझ्याकडे पाहिलं. मी ओरडलो, "तूच चालव रे!" पण काम टिकवायचं तर गाडी सकाळी सुरू व्हायला हवी होती, आणि ती कशी करायची हे मला ठाऊक नव्हतं. भिमाने मान खाली घातली. सोमवारपासून धोंडी बसेल असं ठरलं.

रविवारी दुपारी भिमा वाडीहून गाडी घेऊन उतरला. सोमवारी नव्या पायाला द्यायची तर एकदा सगळं बघून ठेवतो म्हणून भगीरथने ती ठेवून घेतली आणि भिमा खोलीवर गेला. रस्त्यावर सामसूम होती. मी गल्ल्यावर बसून बघत होतो, कारण दुसरं काही बघण्यासारखं नव्हतंच. भगीरथने बॉनेट उघडलं, वाकला, आणि त्याचा हात रेडिएटरच्या वरच्या नळीला लागला. गरम नळीला हात लागल्यावर मेकॅनिक जसा झटकन मागे घेतो तसा त्याने घेतला. मग थबकला. पुन्हा नळीवर हात ठेवला. पंजात धरली आणि धरूनच उभा राहिला.

एवढी लांबून आलेली गाडी, आणि नळी जेमतेम कोमट.

नळी धरलेली असतानाच त्याने मान वळवून आत डॅशबोर्डवरच्या काट्याकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या तारेकडे. भगीरथचा चेहरा पडलेला मी आयुष्यात तेवढा एकदाच पाहिला. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला.

थोड्या वेळाने तो रस्ता ओलांडून आला. इकडेतिकडे बघत हळू आवाजात म्हणाला, "थर्मोस्टॅट हाय काय?"

"काय?" मी म्हणालो.

"थर्मोस्टॅट."

"मोठ्याने बोल. ऐकू येत नाही."

"थर्मोस्टॅट!" तो खेकसला.

मी खोका काढला, झुरळं झटकली, तळातून त्या गाडीचा नग शोधला आणि हातात दाबून धरला. म्हटलं, कोणासाठी ते सांग, मगच देईन. तो काउंटरकडे बघत पुटपुटला. मला सांगत होता की स्वतःला, कोण जाणे.

"पानी तापतच नाय. आतला कंप्युटर पान्याची गरमी बघून पेट्रोल सोडतो. पानी गार म्हंजे त्याला वाटतं गाडी आत्ताच उठली. मग वततच ऱ्हातो, वततच ऱ्हातो. म्हनून इंजिन वरडतं. म्हनून प्लग काले. काले प्लग सकालच्या गारठ्यात पेटनार कसे? उन्हाल्यात आपसूक तापतं, तवा चांगली चालते."

म्हणजे माणूस मूर्ख नव्हता. दोन हिवाळ्यांचं कोडं एका कोमट नळीवरून त्याने सोडवलं होतं. मी विचारलं, "मग भिमाचा पाय?"

"तू पार्ट दे."

"त्याला सांगशील ना?"

"दे म्हनलं ना!"

मी दिला. घरच्या गोष्टीसारखं उद्या सकाळी एकट्यात सांगेल, असं मला वाटलं. संध्याकाळपर्यंत त्याने थर्मोस्टॅट बसवला, प्लग घासून पुसून परत लावले, तो स्क्रू जागेवर आणला आणि इंजिन चालू ठेवून काटा अर्ध्यावर येईपर्यंत समोर उभा राहिला.

सोमवारी धोंडीने चावी फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. मंगळवारी तशीच, बुधवारी तशीच. धूर नाही, ओरडणं नाही. मी वाट पाहत होतो की आज सांगेल, उद्या सांगेल. भिमा डावीकडे बसून जाऊ लागला, तिघी बाई मागे. गुरुवारी सकाळी भगीरथ गॅरेजशेजारच्या चहाच्या टपरीवर ड्रायव्हरांच्या घोळक्यात उभा होता, धोंडी आणि भिमा बाजूला. मी शटर उघडत असताना माझ्या कानावर आलं,

"बघा. गाडी तीच, प्लग तेच. पाय बदलला फक्त."

सगळे हसले. भिमाही हसला, आणि खाली वाकून भगीरथच्या पाया पडला.

शटर अर्धं तसंच सोडून मी रस्ता ओलांडला. "प्लग तेच," मी म्हणालो, "आणि थर्मोस्टॅट? तो आभाळातून पडला?"

भगीरथने खांद्यावरच्या फडक्याला हात पुसले. "कसला थर्मोस्टॅट?"

"रविवारी माझ्याकडून नेलास तो. भिमा, तू गाडी घेतलीस त्याच दिवशी याने तुझा थर्मोस्टॅट काढून ठेवला. त्याने गाडी थंड राहत होती, त्याने सुरू होत नव्हती. रविवारी याने नवा बसवला. तुझा पाय कधीच वाईट नव्हता."

"तुजा खोका इतकी वर्सं कोन घेत नाय," भगीरथ म्हणाला, "म्हनून पोटात दुखतं तुज्या. आता भिमाच्या गल्यात बांधायला निगालास."

पुन्हा हशा. माझा खोका सगळ्यांना ठाऊक होता. मी भिंतीवरच्या तारेकडे बोट केलं. "भिमाच्या गाडीचा त्यातच आहे!"

"कुठला? दाखव की."

सगळे एकसारखे, तेलकट, काळे. मी काय दाखवणार? पण खरं दाखवायला दोन बोल्ट पुरेसे होते. मी दुकानात जाऊन पाना आणला. "आत्ता उघडतो. आत नवाकोरा थर्मोस्टॅट निघाला नाही तर हे दुकान बंद करून मी गावाला जाईन."

मी गाडीपाशी पोचलो आणि मध्ये भिमा आला.

"नको, शेट."

"अरे, तुझ्यासाठीच करतोय!"

"चालू गाडी हाय. उघडू नका." त्याने दोन्ही हात पसरून बॉनेटवर ठेवले. ओणवा झाला. मी पाना पुढे केला तर त्याने छातीच टेकवली. "शेट, पाया पडतो. चालू गाडीला हात लावू नका."

"तो तुला फसवतोय, भिमा!"

"तुमी मला बरं वाटावं म्हनून बोलता, ते मला समजतं," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, माझी समजूत काढल्यासारखा बोलत होता. "पन मी दोन हिवाले बघलं ना. माज्याकडनं नाय सुरू व्हत. धोंडीकडनं व्हते. मग आनखी काय बघायचं?"

मी भगीरथकडे पाहिलं. पाच-सहा ड्रायव्हरांपुढे त्याने फक्त "हो" म्हणायचं होतं. एवढंसं. फडकं हातात गोळा करून तो उभा होता आणि त्याची नजर भिमाच्या पाठीवर होती. क्षणभर वाटलं, म्हणेल. मग तो म्हणाला,

"धोंडी, टाइम झाला."

धोंडी गाडीत जाऊन बसला आणि त्याने चावी फिरवली. गाडी सुरू झाली. भिमा अजून बॉनेटवर ओणवा होता, त्याच्या छातीखाली इंजिनचा आवाज थोडा चढला आणि आपोआप उतरून एका सुरात लागला. तो तसाच राहून ऐकत होता. मग सरळ झाला, माझ्याकडे बघून तोंडभर हसला.

"ऐका शेट," म्हणाला, "कशी सरल चालते. माज्याकडनं कदी अशी चालली नसती."

कोपऱ्यावरून तिघी बाई येताना दिसल्या. भिमाने त्यांच्यासाठी मागचं दार उघडलं, वळसा घालून पुढे गेला आणि डावीकडच्या सीटवर बसला. पुढचे सगळे हिवाळे ती गाडी एका चावीत सुरू होत राहिली आणि भिमा डावीकडेच बसत राहिला.